चौथे व्रत आणि शाळेची चिठ्ठी



आज लोणची-पापड नाहीत आणि उपवासाचे पारणेही नाही. आजचा विषय असा आहे की वाचताना काही जणी मागे वळून बघतील, सासूबाई तर उभ्या नाहीत ना. मी स्वतःच आता सासूबाई आहे, तेव्हा निर्धास्त वाचा.

शाळेत आठवी-नववीच्या मुलामुलींना लैंगिक शिक्षण द्यावे की नाही, यावर आमच्या महिला मंडळात गेले तीन रविवार स्वाध्यायानंतर बोलणे चालू आहे. कारण झाले ते एका शाळेच्या चिठ्ठीचे. किशोरवयातले बदल आणि सुरक्षितता या विषयावर डॉक्टरांचे व्याख्यान आहे, पालकांची हरकत नसेल तर खाली सही करावी, एवढाच मजकूर. मंडळातल्या सहा-सात घरची मुले त्या शाळेत जातात. काहींनी लगेच सही केली, काहींनी चिठ्ठी फ्रीजवर चुंबकाखाली अडकवली आणि विसरल्यासारखे केले. आमच्याकडे सुनेने सही केली, पण आधी मला विचारले, "आई, तुमचं काय म्हणणं?" माझे म्हणणे एका वाक्यात मावेना, म्हणून हा लेख.

मंडळात पहिल्या रविवारी सगळ्यात मोठ्या काकू बोलल्या. "काय सांगून राहिल्या तुम्ही! आमच्या वेळी कुठे होतं हे? संसार झालेच ना आमचे? लेकरं झालीच ना?" सगळ्या हसल्या. दुसरी म्हणाली, जे पोरांच्या डोक्यात नाही ते मुद्दाम का घालायचे. तिसरी म्हणाली, शास्त्रात ब्रह्मचर्य सांगितले आहे, शाळेत हे शिकवणार, मग पाठशाळेत जाऊन काय उपयोग. यावर एक तरुण सून, जी एरवी स्वाध्यायात तोंड उघडत नाही, ती हळूच म्हणाली, "काकू, डोक्यात नाही असं कसं म्हणता? लॉकडाऊनमध्ये आपणच त्यांच्या हातात फोन दिला, अभ्यासासाठी." तिथे थोडी शांतता झाली. मग चहा आला.

डोक्यात घालू नका, म्हणजे डोक्यात येणार नाही, हा हिशेब मला पटत नाही. आपण वर्धेकर आहोत. सत्तरच्या दशकापासून आपल्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. बंदीने काय बंद होते आणि काय नुसते अंधारात जाते, हे आपल्याला बाहेरून कोणी येऊन शिकवायला नको.

माझे माहेर कारंजा लाडचे. तिथे १९१८ साली सुरू झालेले महावीर ब्रह्मचर्याश्रम हे गुरुकुल आहे. त्यामुळे 'ब्रह्मचर्य' हा शब्द मी वाचायला शिकले तेव्हापासून पाहत आले. त्याचा अर्थ विचारला तर घरातून उत्तर मिळे की लवकर उठायचे, थंड पाण्याने अंघोळ करायची आणि खोटे बोलायचे नाही. बरीच वर्षे मला हेच ब्रह्मचर्य वाटत होते. तेराव्या वर्षी पहिल्यांदा पाळी आली तेव्हा मला वाटले, आतून काहीतरी फुटले आणि आता आपण मरणार. मी संडासात बसून णमोकार मंत्र म्हणत होते. आईने पाहिले, जुन्या लुगड्याची घडी हातात दिली आणि सांगितले, चार दिवस बाजूला बस, लोणच्याला हात लावू नको, मंदिरात जायचे नाही. का, ते नाही सांगितले. तिलाही तिच्या आईने सांगितले नव्हते. कावळा शिवला, असे आजी शेजारणीला म्हणाली, तर मी दोन दिवस कावळ्याचाच विचार करत राहिले. आता आठवून हसू येते, तेव्हा येत नव्हते.

हे जुन्या काळचे, आता कुठे असे, असे म्हणू नका. आपल्या जिल्ह्यातल्या आंजी भागातल्या तेवीस गावांमध्ये सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या डॉक्टरांनी मुलींसोबत काम केले. त्याचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. पाळी येण्याआधी पाळीबद्दल माहिती असलेल्या मुली सुरुवातीला शंभरात पस्तीस होत्या. म्हणजे पासष्ट जणींना तीच भीती, तोच कावळा. गावोगाव मुलींमध्ये बसून सांगितल्यावर माहिती असलेल्यांचे प्रमाण पंचावन्नवर गेले. तयार पॅड वापरणाऱ्या शंभरात पाच होत्या, त्या पंचवीस झाल्या. सांगणे एवढेच केले होते. याच संस्थेने खेड्यांत किशोरी पंचायती उभ्या केल्या, जिथे मुली आपल्या आरोग्याचे बोलणे आपसांत, आपल्या भाषेत करतात. वर्धेपासून तासाभराच्या आत असलेल्या गावांतल्या शेतकऱ्यांच्या मुलींना जे मिळाले, ते आपल्या फ्लॅटमधल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलींना का मिळू नये, हे मला कोणी समजावून सांगा.

पण पाळीबद्दल बोलायला आता बहुतेक जणी तयार असतात. जाहिराती येतात, सिनेमा येऊन गेला. खरी गाठ पुढे आहे. मूल कसे राहते, कोणी हात लावला तर काय करायचे, मुलगा मुलीला 'आवडतेस' म्हणाला तर त्यापुढे काय काय होऊ शकते, हे कोणी आणि कधी सांगायचे?

आर्वीचे तुम्हाला आठवत असेल. २०२२ चा जानेवारी महिना. आपल्याच जिल्ह्यात, एका खासगी दवाखान्याच्या आवारात, गोबरगॅसच्या टाकीत पोलिसांना ११ कवट्या आणि ५४ हाडे सापडली, न जन्मलेल्या बाळांची. सगळ्या देशाच्या वर्तमानपत्रांत आर्वीचे नाव आले. प्रकरण उघडे कशाने पडले, ते लोक विसरले. तेरा वर्षांची एक मुलगी गरोदर होती. मुलगा सतरा वर्षांचा. मुलाच्या आईवडिलांनी दबाव आणून त्या मुलीचा गर्भपात करवला, अशी तक्रार मुलीच्या घरच्यांनी पोलिसांत केली, आणि तिथून माती उकरली गेली. ती सगळी हाडे अशाच कोवळ्या मुलींच्या पोटची होती असे मी म्हणत नाही, ते मला म्हणता येणार नाही. मी त्या एकीचेच म्हणते. तेरा वर्षे म्हणजे सातवी-आठवी. आपल्याकडे या वयाची मुलगी पाठशाळेत बक्षीस घेते आणि स्टेजवर मंगलाचरण म्हणते.

त्या दिवसांत माझ्याच्याने जेवण जात नव्हते. आपण काय करतो, बघा ना. बटाट्यात अनंत जीव म्हणून बटाटा खात नाही. पाणी गाळून पितो, गाळण्याचे जीव पुन्हा विहिरीत सोडायचे असतात ते आजीने शिकवलेले अजून करतो. चौमासात पालेभाजी बंद. एकेंद्रिय जिवाची एवढी काळजी असलेल्या बायका आपण, आणि जिथे पंचेंद्रिय जिवाची हिंसा होते, तिथे पोचणारी वाट कुठून सुरू होते ते पाहायला लाजतो. ती वाट अज्ञानातून सुरू होते. त्या मुलीला आपल्या शरीरात काय होते आहे ते कळले नसेल, किंवा कळले तरी कोणाला सांगायचे ते कळले नसेल. त्या मुलाला कोणी सांगितले नसेल की अठरा वर्षांखालच्या मुलीची 'हो' कायद्यात 'हो' धरली जात नाही. २०१२ चा पोक्सो कायदा हेच सांगतो. मुलग्यांच्या आयांनी हे वाक्य दोनदा वाचावे. आपल्याकडे मुलगी वयात आली की दहा सूचना देतात, मुलाला मिसरूड फुटली की फक्त कौतुक होते. अशा प्रकरणात मुलगा स्वतः अल्पवयीन असला तरी पोलीस येतातच, आणि डॉक्टरांनाही पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मग घाबरलेली माणसे चोरून दवाखाने शोधतात.

आता धर्माच्या प्रश्नाकडे येते. मंडळात खरी अडचण तिथेच होती.

हा वाद आपल्या समाजाच्या फार जवळचा आहे, हे काही जणींना माहीत नसेल. २००७ साली केंद्राचा किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम शाळांत येऊ घातला होता. एड्सचा धाक तेव्हा मोठा होता, त्यातूनच तो आला. त्यातल्या चित्रांवरून आपल्या विधिमंडळात आमदारांनी आक्षेप घेतला आणि महाराष्ट्रात तो थांबवला. गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक अशा आणखीही राज्यांनी थांबवला. त्याच सुमारास राज्यसभेच्या याचिका समितीकडे एक अर्ज गेला. अर्जदारांत श्वेतांबर परंपरेतले आचार्य विजय रत्नसुंदरसूरीश्वरजी महाराज होते. समितीचे अध्यक्ष वेंकय्या नायडू होते. २००९ साली समितीने अहवाल दिला, की शाळांत असे शिक्षण देऊ नये, लग्नाआधी शरीरसंबंध नको हा संदेश मुलांना द्यावा, आणि एड्सची वगैरे प्रकरणे काढून अकरावी-बारावीच्या जीवशास्त्रात टाकावीत.

मी दिगंबर घरची, पण महाराजसाहेबांच्या त्यागापुढे माझा माथा टेकलेलाच आहे. त्यांनी मुलांच्या काळजीनेच हे केले यात मला शंका नाही. ती चित्रे मी पाहिली असती तर कदाचित मलाही आवडली नसती. पण त्या अर्जात मागितले काय होते ते नीट बघा. या विषयावर देशभर चर्चा व्हावी, एकमत तयार व्हावे, आणि तोवर हे शिक्षण थांबवावे. थांबवणे लगेच झाले. चर्चा कुठे झाली? तुमच्या घरी झाली? आमच्या मंडळात झाली ती आता, एका चिठ्ठीमुळे, आणि तेवढ्या वर्षांत त्या वेळची आठवीतली मुले स्वतः आईबाप होऊन बसली. बरे, अकरावी-बारावीच्या जीवशास्त्रात टाका म्हटले, पण मी कॉमर्सची. माझ्यासारखीला तो धडा आयुष्यात कधीच आला नसता. आणि आर्वीची मुलगी तर अकरावीपासून तीन-चार वर्षे दूर होती. सर्वोच्च न्यायालयानेही २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये हेच म्हटले, की हे शिक्षण नववीपासून नको, त्याआधीच सुरू व्हायला हवे.

आपल्या शास्त्रात हा विषय नाही, असे कोण म्हणते? दशलक्षण पर्वात रोज तत्त्वार्थसूत्राचा एकेक अध्याय वाचतात. सातव्या दिवशी सातवा अध्याय, व्रतांचा. त्यात ब्रह्मचर्य अणुव्रताचे पाच अतिचार नावानिशी सांगितले आहेत. श्वेतांबर भगिनी प्रतिक्रमणात वंदित्तू म्हणतात, त्यात चौथ्या व्रताचे अतिचार येतात. 'अनंगक्रीडा' हा शब्द दहा वर्षांची मुले मंदिरात माईकवर, स्पष्ट उच्चारात म्हणतात आणि आपण कौतुकाने मान डोलवतो. अर्थ विचारला तर? मला एकदा पाठशाळेतल्या एका मुलाने विचारला होता. मी म्हटले, वाईट खेळ. तो म्हणाला, क्रिकेटचा सट्टा का? मी पुन्हा नीट सांगितले, त्याला समजेल एवढे. शरीराचा काही भाग खासगी असतो, त्याच्याशी खेळ करायचा नाही आणि दुसऱ्याला करू द्यायचा नाही. त्याने 'बरं' म्हटले आणि पुढचे सूत्र म्हणू लागला. माझ्याच कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या, त्याच्या नाही.

श्रावकाच्या व्रतांबद्दल शास्त्राची रीतच अशी आहे की प्रत्येक व्रताचे अतिचार आधी जाणून घ्यायचे, आणि ते आचरायचे नाहीत. जाणणे वेगळे, करणे वेगळे. जाणलेच नाही तर टाळणार कसे? चोरीचे अतिचार सांगितले आहेत, त्यात खोटी वजने-मापे आहेत, चोरीचा माल घेणे आहे. ते पाठ केल्यामुळे आपल्या समाजातले दुकानदार मापात मारायला शिकले, असे कोणी म्हणाले आहे का? (काही शिकले असतील, पण सूत्रातून नाही.)

मी नागपूर विद्यापीठाची बी.कॉम. आम्हाला ऑडिटिंग होते. त्यात अख्खे प्रकरण होते अफरातफरीचे. रोकड कशी दाबतात, एकाची वसुली दुसऱ्याच्या नावावर कशी फिरवतात, खोटी बिले कशी लावतात, सगळे उदाहरणांसह. वर्गातल्या आम्ही अठरा-एकोणीस वर्षांच्या मुली ते पाठ करून परीक्षेला बसलो. कोणाच्या बापाने कॉलेजला पत्र लिहिले नाही की माझ्या मुलीला चोरी का शिकवता. कारण सगळ्यांना कळत होते, हिशेब तपासणाऱ्याला चोरीच्या वाटा माहीत नसतील तर तो सह्या करत बसेल आणि तिजोरी रिकामी होईल. पैशाबद्दल जे आपल्याला चटकन कळते, ते लेकरांबद्दल का अडते कोण जाणे.

आणखी एक गोष्ट आपल्या गावाची. मगनवाडीवरून आपण भाजीला जाता-येता शंभरदा जातो. १९३५ च्या डिसेंबरात तिथे मार्गारेट सँगर नावाची अमेरिकन बाई गांधीजींना भेटायला आली होती. संततिनियमनाच्या साधनांचा प्रचार करणारी, त्यासाठी तिकडे तुरुंगात गेलेली. ती आली तो सोमवार, बापूंचा मौनाचा दिवस, म्हणून बोलणे दुसऱ्या दिवसावर गेले. मग त्यांचे बोलणे झाले, नवरा-बायकोच्या संबंधांवर, मुले किती व्हावीत यावर, बाईने नवऱ्याला 'नाही' म्हणावे की नाही यावर. महादेवभाईंनी ते लिहून ठेवले आणि छापूनही आले. ती साधनांवर अडून राहिली, बापू संयमावर. कोणाचेच कोणाला पटले नाही. पण विषय काढायचाच नाही, असे दोघांपैकी एकानेही म्हटले नाही. बापूंच्या ब्रह्मचर्याच्या विचारावर आपल्या रायचंदभाईंचा केवढा प्रभाव होता, ते बापूंनीच लिहून ठेवले आहे. म्हणजे आपल्याच धर्माच्या अंगाने आलेला विचार, आणि तो मांडणारा माणूस वर्धेत बसून एका परक्या बाईशी हे सगळे मोकळेपणाने बोलतो.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९३६ मध्ये, 'हरिजन'मध्ये बापूंनी शाळेतल्या शिक्षणाबद्दल सरळ लिहिले. या विषयाकडे डोळेझाक करून वासनेवर ताबा येत नाही, मुलामुलींना जननेंद्रियांचे महत्त्व आणि योग्य उपयोग शिकवावा या मताचा मी आहे, असा त्याचा आशय. त्यांनी दोन प्रकार केले. संयम शिकवणारे ज्ञान द्यावे, वासना चेतवणारे देऊ नये. आणि शिकवणारा स्वतः संयमी असावा. रघुनाथ धोंडो कर्वे त्या काळी मुंबईत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत होते, ते याच्या अगदी उलट टोकाचे. संयम वगैरे त्यांना मान्य नव्हता. वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर खटला झाला आणि १९३४ साली डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. मला कर्व्यांचे सगळे पटत नाही, पटायची गरजही नाही. पण बापू आणि कर्वे, ज्यांचे दुसरे काहीच जुळले नसते, ते दोघेही मुलांना सांगा म्हणतात, तेव्हा 'न सांगण्या'च्या बाजूला उरले कोण? आपण आणि आपली लाज.

शिकवणारा कोण, यावर मात्र मी बापूंच्या बाजूची आहे, आणि मंडळात हरकत घेणाऱ्या बायकांच्याही. तोंड वाकडे करून, मुलांना हसवत, किंवा धावत-पळत तो धडा 'घरी वाचून या' म्हणणारा शिक्षक नको. मुली वेगळ्या, मुलगे वेगळे बसवा, प्रश्न मोकळे येतात. मुलग्यांना वगळून फक्त मुलींना बसवायची जी पद्धत आहे ती आधी बंद करा. आणि संयम हा शब्द त्या व्याख्यानात हवाच. सुरक्षितता शिकवा, पण थांबता येते, 'नाही' म्हणता येते, आणि थांबण्यात कमीपणा नाही, हेही शिकवा. ते सांगायला आपल्या धर्माइतकी चांगली भाषा कोणाकडे आहे? फक्त ती आपण पाठांतरात बंद करून ठेवली आहे.

घरी कसे सांगायचे, असे दोघी-तिघींनी विचारले. मी नातीला सांगितले ते समोरासमोर बसवून नाही. मंदिराच्या दिव्यांसाठी फुलवाती करत होतो, दोघींचे डोळे कापसावर होते. अशा वेळी बोलणे सोपे जाते, कारण कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नाही. शरीराच्या भागांची नावे खरी सांगितली, लाडाची नाहीत. कारण उद्या डॉक्टरला किंवा पोलिसाला सांगायची वेळ आली तर लाडाच्या नावांनी गोंधळ होतो. कोणीही, अगदी घरचा माणूस, शिक्षक, गाडीवाला, पाहुणा, जो म्हणेल की हे कोणाला सांगू नको, त्याचे आधी येऊन सांगायचे. तुझे चुकले असे मी म्हणणार नाही, हे कबूल केले. मला किंवा आईला सांगता आले नाही तर १०९८ हा नंबर फुकट आहे, मुलांसाठी आहे, तो पाठ करवून घेतला. बाळ कसे होते ते विचारले तेव्हा तेही सांगितले, सरळ, चार वाक्यांत. ती म्हणाली, "आजी, मला थोडं माहीत होतं. पण तुला माहीत आहे हे माहीत नव्हतं." आणि वातींची मोजणी चुकली म्हणून पुन्हा मोजायला लागली. एकशे आठ हव्या होत्या, एकशे पाच निघाल्या.

असो. शेवटी मंडळात ठरले ते असे. शाळेच्या व्याख्यानाला मुलांना पाठवायचे, ज्यांची इच्छा आहे त्यांनी. ज्यांची नाही त्यांच्यावर जबरदस्ती नाही, मोठ्या काकूंची चिठ्ठी अजून फ्रीजवरच आहे आणि ती नातवाची आहे, तिथे त्यांच्या सुनेचे काय ते होईल. शिवाय पाठशाळेच्या हॉलमध्ये एका रविवारी आधी आयांसाठी, मग मुलींसाठी, मग मुलग्यांसाठी बैठक घ्यायची. मुलग्यांसाठी डॉक्टर भाऊ येणार, मुलींसाठी डॉक्टर ताई, दोघेही आपल्या ओळखीचे, समाजातले. मुले हात वर करून विचारणार नाहीत हे उघड आहे, म्हणून मंदिराच्या कार्यालयाबाहेर सोनपापडीचा एक रिकामा पत्र्याचा डबा ठेवला आहे, झाकणाला फट पाडून. चिठ्ठीवर नाव लिहायचे नाही. डब्याची किल्ली नाही, दोरी बांधली आहे, ती मी सोडते आणि डॉक्टरांना नेऊन देते.

काल दोरी सोडली तेव्हा चौदा चिठ्ठ्या होत्या. अकरा वहीच्या कागदावर, पोरांच्या अक्षरात, दोन-तीन तर पाळीबद्दलच्या आणि एक मुलग्याचा आवाज फुटण्याबद्दल. उरलेल्या तीन जुन्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या कागदावर, मोडी वळणाच्या सुबक मराठीत. ते अक्षर शाळेच्या पोरांचे नाही. मी त्या घडी करून बाकीच्यांत मिसळून टाकल्या.